दाराला कुलूप, आत कुणी नाही – आणि हेच प्रदर्शन!

खिळेठोक्या
शनिवार, रात्री ९:५०

परवा जेवताना भाच्याशी जुंपली. आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणाला, "मामा, पॅरिसमध्ये एका चित्रकाराने रिकामी खोली मांडली आणि बघायला हजारो लोक लोटले." त्यावर ताई म्हणाली, "मग आपलाही माळा रिकामा करू या, तिकीट लावू." सगळे हसले आणि विषय आमटीतल्या मिठावर गेला. मी मात्र तिथेच अडकलो. रिकाम्या खोल्यांशी एके काळी माझ्या पोटापाण्याचा संबंध होता.

जे.जे.त असताना (पुरं केलं नाही, ते रामायण नंतर कधीतरी) मी अडीच वर्षं गॅलऱ्यांमध्ये चित्रं टांगायचं काम केलं, रोजंदारीवर. एक प्रदर्शन उतरायचं आणि दुसरं चढायचं, त्यांच्या मधली रात्र आमची. हातोडी, नायलॉनची दोरी, टेप, लेव्हलची बाटली, डबाभर पुट्टी आणि पांढरा रंग. चित्राचा मध्य जमिनीपासून पाच फुटांच्या जरा खाली, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेला बरोबर लागतो. दोन चित्रांत एवढी जागा की एकाशी बोलताना दुसऱ्याने मध्ये तोंड घालू नये. आधीच्या प्रदर्शनाची भोकं बुजवायची, घासायची, वर रंगाचा हात मारायचा. पहाटे आमचे उस्ताद डोळे मिटून सगळ्या भिंतींवरून तळहात फिरवायचे आणि म्हणायचे, "भिंत दिसली तर रोज कापीन."

म्हणजे भिंत दिसू न देण्याचे मला पैसे मिळत होते. आणि ही रिकाम्या खोलीवाली मंडळी नेमकी भिंतच दाखवायला निघाली होती!

ही पांढरी भिंत तशी काही पुरातन नाही. पॅरिसच्या जुन्या सलोंमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारमान्य प्रदर्शनांत, चित्रं चौकटीला चौकट भिडवून पार छतापर्यंत लावत. वाड्यातल्या दिवाणखान्यात देवादिकांच्या आणि पणजोबांच्या तसबिरी असायच्या तशी. वरच्या ओळीत जागा मिळाली त्याचं नशीब फुटकं. फिकट भिंतीवर एका ओळीत ऐसपैस चित्रं लावायची रीत विसाव्या शतकात रुळली. न्यूयॉर्कचं म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट १९२९ साली सुरू झालं, त्यांनी ती पक्की केली. १९७६ साली ब्रायन ओडोहर्टी या आयरिश चित्रकार-समीक्षकाने 'आर्टफोरम' मासिकात लेख लिहून या 'व्हाइट क्यूब'चं पितळ उघडं पाडलं. बाहेरचा उजेड नाही, आवाज नाही, काळवेळ नाही. खोलीचा गाभारा करून ठेवला की आत ठेवाल ती वस्तू आपोआप सोवळ्यात. गडी शिक्षणाने डॉक्टर, त्यामुळे चिरफाड व्यवस्थित केली आहे.

पण चित्रकारांनी त्याच्या कितीतरी आधी हात घातला होता.

एप्रिल १९५८, पॅरिस, इरिस क्लेर नावाच्या बाईंची गॅलरी. जागा केवढी, तर दोन-सव्वादोनशे चौरस फूट. (गॅलरी म्हटलं की आमच्या आजीला कपडे वाळत घालायची जागाच आठवायची. तीही धरली तर आमची चाळीतली खोली एवढीच.) इव्ह क्लाइनने (भाच्याचा चित्रकार तो हाच) सामान काढलं, भिंती स्वतः पांढऱ्या केल्या, रस्त्याकडची काच निळी केली, निळा पडदा लावला, दाराशी गणवेशातले रक्षक उभे केले. आत काहीच नाही. पाहुण्यांना निळं पेय दिलं, त्यात मेथिलीन ब्लू घातलेलं. नंतर सगळ्यांची लघवी निळी. इथे भाच्याला ठसका लागला होता.

दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९६० मध्ये, त्याच गॅलरीत क्लाइनचा दोस्त आर्मान याने बरोब्बर उलटं केलं. जमिनीपासून छतापर्यंत कचरा आणि भंगार कोंबलं. आत पाऊल ठेवता येईना, रस्त्यावरून काचेतून बघा. आमंत्रणसुद्धा सार्डिन मासळीच्या डब्यात कचरा भरून धाडलेलं.

१९६८ साली मिलानमध्ये डॅनिएल ब्युरेनने गॅलरीच्या दारावरच हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कागद डकवून दार बंद केलं. १९६९च्या डिसेंबरात अॅमस्टरडॅमला रॉबर्ट बॅरीने तर फक्त निमंत्रणपत्रिका छापली, प्रदर्शनाच्या काळात गॅलरी बंद राहील, एवढंच सांगणारी.

माझा सगळ्यात लाडका मात्र मायकेल अॅशर. १९७४, लॉस एंजलिस. त्याने आणलं काहीच नाही, नेलं मात्र: दर्शनी खोली आणि मागचं ऑफिस यांच्यामधली भिंत काढून टाकली. लोक आले तर समोर मालकीणबाई टेबलाशी बसून आपलं रोजचं काम करतायत. लाल टिकली, म्हणजे चित्र विकल्याची खूण, लागते ती बाहेरच्या चित्राशेजारी, पण तिचा सौदा ठरतो मागच्या खोलीत. तीच खोली उघडी! मागच्या खोल्या मी पाहिल्या आहेत. तिथला चहासुद्धा वेगळा असतो.

तर प्रश्न दोन. तुम्हाला हे चाळे वाटतात का? आणि आपल्याकडे असं कुणी केलंय? मला थोडं ठाऊक आहे, पण आधी तुम्ही बोला.


चिंचेचं_बन
शनिवार, रात्री १०:१५

वाचतेय. उस्तादांवर वेगळा धागा काढा.


शंकासुर
शनिवार, रात्री १०:४२

मी हार्डवेअरच्या धंद्यातला माणूस, सरळ विचारतो. सिमेंट आणायला गेलो आणि दुकान बंद दिसलं तर मी शिव्या घालतो. तुमच्या अॅमस्टरडॅममध्ये दुकान बंद दिसलं तर लोक पुस्तकात नोंद करतात. हा फरक कुणाच्या जिवावर? ज्याचं पोट आधीच भरलंय त्याच्या. क्लाइनच्या जागी नाव नसलेल्या पोराने रिकामी खोली दाखवली असती तर त्याच रात्री भाड्यासाठी गॅलरीवाल्याने गचांडी धरली असती.

आणि एक. नियम मोडला म्हणता, पण मोडला कुठे? गॅलरीतच. निमंत्रण छापून. पेय वाटून.


खिळेठोक्या
शनिवार, रात्री ११:२०

@शंकासुर, शेवटचा मुद्दा खणखणीत आहे. त्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, अर्धं आहे.

१९७१, न्यूयॉर्कचं गुगेनहाइम. हान्स हाके या जर्मन कलाकाराचं प्रदर्शन ठरलेलं. त्याने काय केलं होतं, तर शहरातल्या गरीब वस्त्यांमधल्या इमारतींचे साधे फोटो काढले आणि प्रत्येकाखाली सरकारदप्तरी नोंदलेली माहिती टाइप करून लावली: मालक कोण, कोणत्या कंपनीच्या नावावर, कितीचं गहाण. सगळं एकाच घराण्याशी आणि त्याच्या गोतावळ्याशी जाऊन मिळायचं. रेकॉर्ड ऑफिसात कुणीही बघू शकेल अशी माहिती. संग्रहालयाच्या संचालकांनी प्रदर्शन रद्द केलं, बाजू घेणाऱ्या क्युरेटरची, म्हणजे प्रदर्शन आखणाऱ्या माणसाची, नोकरी गेली.

फोटो तेच, माहिती तीच. दप्तरात होती तोवर कुणाला काही नाही, पांढऱ्या भिंतीवर चढायची वेळ आली तेव्हा हादरले. त्या भिंतीला ताकद नसती तर एवढी घाबरगुंडी उडाली नसती. आणि ताकद असेल तर ती तपासायला तिथेच जावं लागणार. चाळे आणि काम यांतला फरक मी असा ओळखतो की शेवटी कुणाला घाम फुटला.


अण्णा_गिरगावकर
रविवार, सकाळी ६:०५

सुप्रभात. जुन्या आठवणी चाळवल्यात.

मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ सालची. मी साठच्या दशकाच्या अखेरीपासून जातो. खरं सांगायचं तर चित्रांपेक्षा सामोवारसाठी. १९६४ ते २०१५, अरुंद बोळकांडीसारखं ते उपाहारगृह, एका बाजूला म्युझियमची बाग. चित्रकार, कवी, नाटकवाले आणि आमच्यासारखे बँकेतले कारकून एकाच बाकावर. मला कला जेवढी समजली ती तिथे समजली, आतल्या हॉलमध्ये दडपणच यायचं. चपलेचा आवाज झाला तरी चुकल्यासारखं वाटे. बाहेर फुटपाथवर कंपाउंडला चित्रं टेकवून मुलं बसायची, त्यांच्याशी मात्र तासतासभर बोलायचो. दार एकच, पण आत आवाज बंद आणि बाहेर गप्पा.

हुसेन यांचं 'श्वेतांबरी' नव्वदीच्या सुरुवातीला तिथेच झालं. दोन्ही हॉलमध्ये वरून सोडलेलं पांढरंशुभ्र कापड आणि खाली फाडलेल्या वर्तमानपत्रांचा खच. चित्र नाही. सौभाग्यवतींनी दारातच विचारलं, "अहो, रंग चालू आहे वाटतं, नंतर येऊ या का?" मी आत गेलो. पायाखाली कागद करकरत होता आणि पहिल्यांदा त्या हॉलमध्ये माझ्या चपलेचा आवाज मला लपवावासा वाटला नाही.

आता एक सांगतो, रागावू नका. हे इन्स्टॉलेशन (अख्खी जागाच कलाकृती म्हणून मांडायची) वगैरे आम्ही लालबाग-परळला लहानपणापासून बघतोय. मांडव घालतात, त्यात गल्ली ओळखू येत नाही, देखावा असतो, आवाज असतो, दहा दिवसांनी सगळं उतरवतात. रांगेत गिरणी कामगारही आणि शेठही.


निळी_शाई
रविवार, सकाळी ९:३०

अण्णा, देखाव्याचा मुद्दा दर अशा चर्चेत येतो आणि मला तो निम्माच पटतो. देखावा बघणाऱ्याला आधीच ठाऊक असलेली गोष्ट सांगतो. त्याला मूर्तीभोवती फिरायचं असतं, मूर्तीवर संशय घ्यायचा नसतो. पण "दहा दिवसांनी उतरवतात" हे तुम्ही बोललात ते महत्त्वाचं. गॅलरीची सगळी गणितं टिकण्यावर आहेत. जे टिकत नाही ते विकता येत नाही.

१९९२ साली नलिनी मलानींनी नेमकं हेच केलं. जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर तेव्हा गॅलरी केमोल्ड होती. केकू आणि खोर्शेद गांधी यांची, १९६३ पासूनची. मलानींनी तिथे थेट भिंतींवर चित्र काढलं, 'सिटी ऑफ डिझायर्स'. पंधरा दिवस ते होतं, मग त्यावर चुना फिरला. राजस्थानात नाथद्वाऱ्याची भित्तिचित्रं हलगर्जीपणात नष्ट होत होती, तो संदर्भही त्यात होता. म्हणजे बघा, ते दिवस आर्ट मार्केट हळूहळू तापायला लागल्याचे, आणि ही बाई म्हणते, घ्या, हवं असेल तर भिंत घेऊन जा!

दुसरं उदाहरण दाराबाहेरचं. शिल्पा गुप्ता, २००२च्या सुमारास, 'ब्लेम'. रक्तासारखा लाल द्रव भरलेल्या छोट्या बाटल्या, लेबलवर दोष दुसऱ्यावर ढकलण्याबद्दलचा मजकूर, आणि त्या घेऊन ती मुंबईच्या लोकलमध्ये फिरली. क्लिपा, चिक्की, रुमाल विकणाऱ्या बायका चढतात त्याच डब्यात. गुजरातच्या दंगलींनंतरचे दिवस. गॅलरीत कुणी शांतपणे "इंटरेस्टिंग" म्हणून पुढे गेलं असतं. डब्यात पुढे जाणार कुठे?


शंकासुर
रविवार, सकाळी १०:१०

लोकलचं पटलं. तिथे ऐकणाऱ्याने निमंत्रण मागितलेलं नसतं.


डहाणू_फास्ट
रविवार, दुपारी १२:४०

मी पालघर जिल्ह्यात शिक्षिका आहे, २२ वर्षं पाड्यांवरच्या शाळांतून काम केलं. तुम्ही सगळे भिंतीवर बोलताय आणि वारली भिंतीचं नाव नाही, म्हणून राहवलं नाही.

लग्नघरात भिंत शेणामातीने सारवतात, वर गेरू. तांदूळ वाटून त्याच्या पाण्यात बांबूची काडी चेचून बुडवतात. सवासिनी चौक लिहितात. हो, "लिहितात"च म्हणतात, काढतात नाही. चौकात पालघट देवी. पोरं अंगावर लोंबतायत, कोंबड्या पायात, आणि बाईचा हात हलत नाही. एकदा मी विचारलं होतं, पुसलं गेलं तर? म्हातारी म्हणाली, लगीन झालं ना. पुढच्या सारवणाखाली ते चित्र जातं आणि कुणाला हळहळ नसते.

सत्तरीच्या दशकात भास्कर कुलकर्णी हे चित्रकार इकडे आले, कागद आणि रंग देऊन गेले. कलंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे यांनी लग्नाशिवाय, रोज, मनाला येईल ते लिहायला सुरुवात केली. वारल्यांत बाप्याने चित्र लिहायचं हेच आधी विपरीत! १९७५ साली केमोल्डमध्ये त्यांचं प्रदर्शन झालं, वर निळी_शाईंनी सांगितली तीच जहांगीरच्या माडीवरची जागा. १९८९ साली पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटरमधल्या गाजलेल्या 'मॅजिसियाँ द ला तेर' प्रदर्शनात ते होते. २००३ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलाकाराबरोबर त्यांची चित्रं लागली. २०११ला पद्मश्री. २०१८च्या मे महिन्यात गेले.

मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे. पण गॅलरीपर्यंत पोचायच्या वाटेवर दोन गोष्टी गळाल्या, त्याही कुणीतरी लिहाव्यात. एक, चित्राचा मुहूर्त. दुसरं, बाया. लग्न लावणाऱ्या धवलेरींची आणि चौक लिहिणाऱ्या सवासिनींची नावं कुठल्या कॅटलॉगात नाहीत, कागदावरचं नाव बहुतेक पुरुषाचं. तिकडे पॅरिसवाले भिंतीतून बाहेर पडायची धडपड करत होते, आणि आमच्याकडची भिंत सोलून कागदावर घेतली तेव्हा ज्यांची भिंत त्या मागेच राहिल्या.


खिळेठोक्या
रविवार, दुपारी १:१५

ताई, दंडवत. "लगीन झालं ना" हे कागदावर लिहून डेस्कसमोर लावलंय.


पुणेरी_पगडी_नसलेला
रविवार, दुपारी २:००

जेवणानंतरच्या झोपेचं खोबरं झालं या धाग्याने. वाचनखूण साठवली.


जर्सीकर
रविवार, संध्याकाळी ५:२५ (इकडे सकाळ)

न्यूयॉर्कच्या सोहो भागात वूस्टर स्ट्रीटवर एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर 'अर्थ रूम' आहे, वॉल्टर डी मारियाची, १९७७ सालची. फुकट बघता येते. जिना चढून जायचं, बेल दाबायची. एक दार, त्यात गुडघ्याएवढी काच, आणि काचेपलीकडे माती. ३,६०० चौरस फुटांच्या जागेत २२ इंच जाडीचा थर, सव्वा लाख किलोच्या वर वजन. पांढऱ्या भिंती, पांढरं छत, मध्ये काळी माती. आत जायचं नाही, फोटो काढायचा नाही. एक माणूस नेमलेला आहे, तो मातीला पाणी घालतो, दाताळ फिरवतो, उगवलेलं तण आणि भूछत्र काढतो.

बायकोने आत पाऊल टाकल्याटाकल्या डोळे मिटले. वास! पहिल्या पावसाचा नाही, गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घातल्यावर येतो तो. सांगलीकडच्या शेतकऱ्याची मुलगी ती. पाच मिनिटं गप्प उभी राहिली आणि मग म्हणाली, "एवढी जमीन आणि पेरलं काहीच नाही. ह्या भागात भाडं काय असेल?" माझ्या मते त्या कलाकृतीवर याहून नेमकी टीका कुणी केलेली नसेल.

अण्णांनी दाराचं काढलं म्हणून अजून एक. २००३च्या व्हेनिस बिएनालेत (दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन) सँटियागो सिएरा या स्पॅनिश कलाकाराने स्पेनच्या दालनाचं मुख्य दार विटांनी चिणलं. मागच्या दाराने प्रवेश, पण स्पॅनिश पासपोर्ट किंवा ओळखपत्र दाखवलं तरच. मी बघितलेलं नाही. पण मुंबईत व्हिसाच्या रांगेत पहाटेपासून फाइल छातीशी धरून उभा राहिलेलो आहे, तेव्हा साधारण कल्पना आहे.


राजुरा_लाईन
रविवार, रात्री ८:४०

आमच्याकडल्या पोराचं नाव अजून निघालं नाही म्हणून लिहितो. प्रभाकर पाचपुते. गाव सास्ती, तालुका राजुरा, जिल्हा चंद्रपूर. घरचे लोक कोळसा खाणीतले. खैरागड आणि बडोद्याला शिकला, मूर्तिकलेतला, पण हाती घेतला कोळसा.

२०१२ मध्ये मुंबईत कुलाब्याला क्लार्क हाउसमध्ये त्याचं प्रदर्शन झालं, 'कॅनरी इन अ कोलमाइन'. थेट भिंतीवर कोळशानं काढलेले खाणकामगार. कोणाच्या डोक्याच्या जागी दिवा, कोणाचं धड म्हणजेच हत्यार. खाणीत वाईट हवा ओळखायला पूर्वी कॅनरी पाखरू नेत, ते पाखरू आधी मरे, त्यावरून नाव. पुढं साओ पाउलोच्या बिएनालेपर्यंत गेला. २०२१ला वेल्समधला आर्टेस मुंडी पुरस्कार सहाही कलाकारांत वाटून दिला, त्यातला एक हा. वेल्स म्हणजे तेही कोळसेवालेच, हे ध्यानात घ्या.

तुम्ही पांढऱ्या भिंतीचं एवढं लिहून राहिले, त्यावर मला हसू आलं. आमच्याकडे तं पांढरी भिंत राह्यतच नाही न बाप्पा. दिवाळीला चुना मारा, संक्रांतीपर्यंत करडी. उन्हाळ्यात गच्चीवर झोपलं तं सकाळी उशीवर डोक्याचा आकार पांढरा आणि भोवताल काळा. लहानपणी आम्ही बोटानं भिंतीवर नावं काढायचो, काळ्यात पांढरं. हा पोरगा पांढऱ्यात काळं काढते. आणि प्रदर्शन संपलं की तेही रंगाखाली जाते.


चिंचेचं_बन
रविवार, रात्री ९:५५

कालपासून वाचतेय, आता लिहिते. सगळ्यांनी भिंत बघितली, दार बघितलं. फरशी?

मिएर्ले लेडरमन युकेलेस. मूल झाल्यावर तिच्या लक्षात आलं की दिवसभर आपण जे करतो, धुणं, पुसणं, भरवणं, आवरणं, त्याला कुणी काम म्हणत नाही आणि कला तर नाहीच. १९६९ साली तिने जाहीरनामा लिहिला: हे सगळं मी करतेच, आता तेच कला म्हणून संग्रहालयात करीन. १९७३ साली अमेरिकेत हार्टफर्डच्या संग्रहालयात तिने खरंच तासन्‌तास बाहेरच्या पायऱ्या आणि आतली फरशी धुतली. लोक येत-जात होते, पावलं उमटत होती, ही परत पुसत होती. पुढे न्यूयॉर्कच्या सफाई खात्यात मानधनाविना कलाकार म्हणून रुजू झाली आणि १९७९-८० मध्ये शहरातल्या साडेआठ हजार सफाई कामगारांशी एकेकाला गाठून हस्तांदोलन केलं, शहर जिवंत ठेवल्याबद्दल आभार मानले.

दुसरी, मारिया आयशहॉर्न. २०१६, लंडन, चिझनहेल गॅलरी. एक दिवस चर्चासत्र घेतलं आणि मग पाच आठवडे गॅलरी बंद. का? तर सगळ्या कर्मचाऱ्यांना भरपगारी सुट्टी. कलाकृती काय, तर त्यांचा मोकळा वेळ.

@खिळेठोक्या, बॅरीने गॅलरी बंद ठेवली तेव्हा रोजंदारीवाल्यांचं काय झालं असेल हो?


शंकासुर
रविवार, रात्री १०:०५

बाईंनी बरोब्बर नस धरली. शनिवारी मी "कुणाच्या जिवावर" विचारलं ते हेच.


खिळेठोक्या
रविवार, रात्री ११:४०

तासभर हा प्रश्न घेऊन बसलोय. खरं सांगायचं तर अॅशर, बॅरी, ब्युरेन यांच्याबद्दल इतकी वर्षं भरभरून बोलताना मी स्वतःला कायम प्रेक्षकात उभं करत आलो. त्यांच्या भिंतीशी हातोडी घेऊन उभं केलंच नाही.

एका गॅलरीत (नाव नको) एकदा असंच झालं. तरुण कलाकार, विचार चांगला: प्रदर्शन मांडायचं नाही, आठवडाभर खोली तशीच ठेवायची, आधीच्या प्रदर्शनाच्या खिळ्यांसकट. आम्हाला सांगितलं, येऊ नका, काम नाही. मला आठवतंय, आम्हा तिघांचा दोन रात्रींचा रोज गेला. चौथ्या दिवशी सहज बघायला गेलो. खिळे दिसत होते, खाली भिंतीवर माझ्या पेन्सिलीच्या खुणा, मापं, एका ठिकाणी उस्तादांनी केलेला चहाचा हिशेब. लोक वाकून वाकून बघत होते. बाहेरच्या मजकुरात 'गॅलरीचे अदृश्य श्रम' असं काहीसं लिहिलेलं होतं. मी शेजारच्या बाईंना म्हटलं, ही खूण माझी आहे. त्या "ओह, हाउ लव्हली" म्हणून पुढे गेल्या.

राग आला होता का? थोडा. पण माझं अक्षर तिथे भिंतीवर होतं आणि कुणी बुजवलं नव्हतं, याचा आनंदही झाला होता. दोन्ही एकदम. आयशहॉर्नबाईंचं मला आधी ठाऊक नव्हतं. त्यांनी बंद दाराचा पगार दिला, म्हणजे तेच काम पण पुरं केलं.


अण्णा_गिरगावकर
सोमवार, सकाळी ६:१०

चहाचा हिशेब किती होता?


खिळेठोक्या
सोमवार, सकाळी ८:०२

११ कटिंग, ४ वडापाव. एकाचे बाकी.


शंकासुर
सोमवार, दुपारी १:३०

कबुली देतो. २०१७ साली नोव्हेंबर-डिसेंबरात सासून डॉकवर स्टार्ट संस्थेने आर्ट फेस्टिव्हल भरवला होता तेव्हा मी गेलो होतो. गेलो होतो मासळीसाठी, पोराने आत ओढलं. १८७५ सालचा धक्का, बाहेर सौदे चालू, बर्फ फुटतोय, पायात पाणी, आणि जुन्या गोदामांत ही कला. डॉकवर राबणाऱ्यांचे पुरुषभर उंच काळे-पांढरे फोटो भिंतींना डकवलेले. वासाने नाकाला रुमाल लावलेली कॉलेजची पोरं. एक कोळीण टोपली घेऊन आली, आपल्या ओळखीच्या बाईचा फोटो बघून थांबली, "हिचा फोटू कसा काय लावला, ही तर उधार देत नाही" म्हणाली आणि सरळ गर्दीतून वाट काढत गेली. कुणी तिला तिकीट विचारलं नाही, तिनेही कुणाला.

बाकीचं फारसं समजलं नाही. पण तिथे मी शिव्या घातल्या नव्हत्या, एवढं प्रांजळपणे नमूद करतो. कोळंबी मात्र महाग मिळाली.


निळी_शाई
सोमवार, रात्री ९:२०

शंकासुरजी, याला आमच्यात समीक्षा म्हणतात.

@खिळेठोक्या, एक विचारायचं राहून गेलं. तुम्ही एवढी वर्षं भोकं बुजवून रंग मारलात. भिंतीवर थरावर थर साचत जात असतील ना? मलानींच्या त्या चित्रावर जसा चुना बसला तसं इतरही काय काय खाली असेल?


खिळेठोक्या
सोमवार, रात्री १०:४५

साचतात. एकदा स्विचबोर्ड हलवायचा होता म्हणून इलेक्ट्रिशियनने छिन्नी मारली आणि भिंतीचा बोटभर जाड पापुद्रा हातात आला. मी ट्यूबलाइटखाली धरून कडेने बघितला. पांढरा, पांढरा, जरा पिवळसर पांढरा, परत पांढरा. मग केसाएवढी काळी रेघ. मग पांढरा. मग पार आत एक निळा, इतका गडद की मी दोनदा थुंकी लावून पुसून बघितला. कुणाचं, कोणत्या वर्षीचं, उस्तादांनाही सांगता येईना. ते त्या गॅलरीत आमच्या आधी २० वर्षं होते.

बघून झाल्यावर म्हणाले, बुजव. बुजवलं.


डहाणू_फास्ट
सोमवार, रात्री १०:५८

आणि तो पापुद्रा?


खिळेठोक्या
सोमवार, रात्री ११:०३

पाकिटात ठेवला होता. लोकलच्या गर्दीत महिनाभरात चुरा झाला. निळा रंग मात्र बरेच दिवस पासच्या प्लास्टिकला लागून होता.